वीस रुपयांचा दंड आणि हिवाळ्याचा खोकला

डिसेंबरातल्या एका बैठकीपासून सुरुवात करते. गावाचं आणि गटाचं नाव लिहीत नाही, कारण अशी बैठक तुमच्याही गावात झाली असेल. अंगणवाडीची खोली, थंडी म्हणून दार-खिडक्या बंद, आत अकरा बाया आणि तीन लेकरं. एक ताई कोपऱ्यात पदर तोंडावर घेऊन बसलेली. डोळे लाल, अंग तापलेलं, दर दोन मिनिटांनी खोकल्याची उबळ. सचिव तिला म्हणाली, "अवो, घरी निजायचं होतं ना!" त्यावर ती ताई म्हणाली, "आन् वीस रुपये दंड कोण भरन? सकाळी कापूस वेचूनच आली मी. ताप काय, येते आन् जाते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग बचत गोळा झाली, कर्जमागणी झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या. तास-दीड तास आम्ही सगळ्या त्या बंद खोलीत बसलो होतो.

पुढच्या दहा दिवसांत त्या अकरा जणींपैकी सहा जणी अंथरुणाला लागल्या. त्या ताईला चौथ्या दिवशी धाप लागली, दवाखान्यात भरती करावं लागलं. दुसऱ्या एका सदस्याची सात महिन्यांची नात बैठकीत आजीच्या मांडीवर होती, तिलाही न्यूमोनिया झाला. दोघीही आता बऱ्या आहेत. पण जानेवारीत मी गटाचं रजिस्टर पाहिलं तर महिनाभरात उचललेल्या पाच कर्जांपैकी चारांपुढे एकच शब्द होता, 'दवाखाना'. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, आरोग्यावरचा पेपर दिलेला, आणि त्या दिवशी मला उठून एक खिडकी उघडायचंही सुचलं नाही. म्हणून हा लेख.

सर्दी वेगळी, फ्लू वेगळा

आपण सगळ्याला 'सर्दी-खोकला' म्हणतो. पण साधी सर्दी हळूहळू येते. नाक गळतं, शिंका येतात, घसा खवखवतो, ताप नसतो किंवा थोडासा असतो. चालता-बोलता, कामधंदा करता येतो आणि आठवड्याभरात उतरते. फ्लू मात्र अचानक धरतो. सकाळी ठीक असलेली बाई संध्याकाळी थंडी वाजून तापते, अंग कुटल्यासारखं दुखतं, डोकं फुटतं, कोरडा खोकला लागतो. ताप तीन ते पाच दिवस राहतो, खोकला आणि अशक्तपणा दोन आठवडेही टिकतो. दोन्ही विषाणूंमुळेच होतात, पण वेगवेगळ्या. फ्लूचा विषाणू छातीत उतरला किंवा त्याच्या मागोमाग दुसरे जंतू फुप्फुसात शिरले, तर न्यूमोनिया होतो.

फ्लूला हलकं घेऊ नका असं सांगितलं की बाया म्हणतात, "मॅडम, फ्लूनं काय होते?" घरात फार जुनी माणसं असतील तर त्यांना 'मानमोडी' हा शब्द ऐकल्यासारखा वाटतो का, विचारून पाहा. 1918 साली पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा जी इन्फ्लुएन्झाची साथ आली, तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. तो फ्लूच होता. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. त्या साथीत भारतात पुरुषांपेक्षा बायांचं मरण जास्त झालं. अभ्यासकांनी त्याची जी कारणं सांगितली, त्यात दोन आपल्या ओळखीची आहेत. बायांच्या पोटात अन्न कमी होतं आणि घरातल्या आजाऱ्यांची सेवा त्याच करत होत्या.

आजचा फ्लू तेवढा मारक नाही आणि आज औषधं आहेत, दवाखाने आहेत. तरी ज्याला आपण 'स्वाइन फ्लू' म्हणतो, ज्याने 2009 साली पुण्यापासून सगळा महाराष्ट्र घाबरवून सोडला, तो कुठे निघून गेलेला नाही. तो आता दरवर्षीच्या फ्लूमधलाच एक झाला आहे. आपल्याकडे फ्लू दोनदा जोर करतो, एकदा पावसाळ्यात आणि दुसऱ्यांदा जानेवारी ते मार्च. म्हणजे संक्रांत झाली, थंडी ओसरली, आता भीती नाही असं समजू नका.

संत्र्याचा काय गुन्हा?

मी गावोगाव ऐकते, "लेकराले संत्र देऊ नका, खोकला होते." पेरू नको, सीताफळ नको, दही नको, ताक नको. आपण विदर्भातली माणसं, नोव्हेंबर-डिसेंबरात संत्री स्वस्त मिळतात, आणि नेमकं तेव्हाच लेकरांना ती तोडतो! सर्दी फळाने होत नाही, विषाणूने होते, आणि तो दुसऱ्या माणसाच्या नाका-तोंडातून येतो. संत्र खाल्ल्याने सर्दी टळते असंही मी म्हणणार नाही, पण आजारी माणसाच्या पोटात पाणी आणि ताकद जाते. घसा फार दुखत असताना आंबट झोंबलं तर दोन दिवस थांबा, एवढंच.

थंडीचं म्हणाल तर पहाटे दहिवरात भिजलेल्या कपाशीत उभं राहिल्याने अंग गारठतं, दमा असलेल्याला त्रास होतो, हे खरं आहे. पण हिवाळ्यात साथ पसरण्याचं मोठं कारण वेगळं आहे. थंडीत आपण सगळे घरात, जवळजवळ, दारं लावून बसतो. एकाने खोकललं की बारीक थेंब हवेत राहतात आणि शेजारचा तेच श्वासात घेतो. फ्लू झालेला माणूस ताप यायच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच-सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. आमच्या त्या अंगणवाडीत हेच झालं. मालवाहू गाडीत दाटीवाटीने वेचणीला जाताना, शेकोटीभोवती आणि रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवातही हेच होतं. हळदीकुंकू बंद करा असं मी म्हणत नाही. अंगणात करा. आणि ताप-खोकला असेल त्या ताईने या वर्षी वाण घ्यायला जाऊ नये, तिचं वाण तिच्या घरी पोचवा.

आता पदराचं बोलू. आपण पदरात खोकतो, त्याच पदराने ताट पुसतो आणि त्यानेच लेकराचं नाक पुसतो. मीही माझ्या आजीच्या पदराला नाक पुसतच मोठी झाले, म्हणून टोमणा मारत नाही. पण आजारी असाल त्या चार दिवसांत खोकल्यासाठी वेगळा रुमाल ठेवा, रोज उकळत्या पाण्यातून काढा. वेचणीला जाताना तोंडाला दुपट्टा बांधताच ना? तसाच घरातही बांधा, विशेषतः बाळाला पाजताना. आई आजारी असली तरी अंगावरचं दूध बंद करू नये, उलट त्या दुधातून बाळाला संरक्षण मिळतं. फक्त पाजण्याआधी साबणाने हात आणि तोंडाला फडकं.

'सुई टोचली की बरं वाटते'

रजिस्टरमधल्या त्या चार कर्जांकडे परत येते. त्यातली दोन कर्जं न्यूमोनियाची होती, ती योग्यच होती. उरलेली दोन साध्या फ्लूची होती. एकीला ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी सलाईन लावलं, सुई टोचली, पाच प्रकारच्या गोळ्या आणि एक सिरप दिलं. तिने स्वतःच मागितलं होतं. "डॉक्टर, चांगली पॉवरवाली सुई द्या, उद्या वेचाले जायचं आहे."

तायांनो, ज्याला आपण 'पॉवरची गोळी' म्हणतो ती बहुतेक वेळा अँटिबायोटिक असते. अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, सर्दी-फ्लूच्या विषाणूला तिचा धक्काही लागत नाही. विनाकारण घेतली तर पोट बिघडतं, आणि पुढे खरंच न्यूमोनिया झाला की तीच गोळी लागू पडेनाशी होते, कारण जिवाणू तिला सरावतात. मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या शेजारणीला देणं तर त्याहून वाईट. आणि ज्या माणसाला तोंडाने पाणी पिता येतं, त्याला साध्या फ्लूत सलाईनची गरज नसते. त्या बाटलीत मुख्यतः मीठ-पाणी किंवा साखर-पाणीच असतं.

मग सुई घेतल्यावर बरं का वाटतं? एक तर तापाचं औषध दिल्याने ताप उतरतो, ते काम साधी पॅरासिटामॉलची गोळीही करते. आणि दुसरं म्हणजे साधा आजार तसाही चार-पाच दिवसांत उतरणारच असतो. श्रेय सुईला जातं.

लहान लेकरांच्या खोकल्याच्या सिरपबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं एक सिरप पिऊन वीसहून जास्त लेकरं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं. त्या लेकरांना सुरुवातीला साधा सर्दी-ताप होता. तेव्हाच केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या बाळाला सर्दी-खोकल्याचं सिरप देऊच नये आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नये. सिरपने खोकला लवकर बरा होतो असंही नाही. मेडिकलमधून परस्पर बाटली आणणं बंद करा.

तर घरी काय करायचं? झोपायचं, आणि पाणी, पेज, वरण, ताक, जे उतरेल ते सारखं पीत राहायचं. मोठ्या माणसाला तापासाठी 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसातून चारपेक्षा जास्त नाही. लिव्हरचा आजार असेल किंवा घरात दारू पिणारा असेल तर त्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. लेकराचा डोस वजनावर असतो, तो आशाताई किंवा सिस्टरकडून लिहून घ्या. ॲस्पिरिन लेकरांना कधीच नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आलं-तुळशीचा काढा, हळदीचं दूध, सुंठ-गूळ हे सगळं चालतं. त्याने विषाणू मरत नाही, पण घशाला आराम पडतो आणि पोटात गरम काही जातं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाच्या नाकात तेलही सोडू नका, ते श्वासाबरोबर फुप्फुसात जातं. नाक चोंदलं असेल तर स्वच्छ मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात, दवाखान्यात मिळतात. वाफ मोठ्यांनी घ्यावी. लेकरांना उकळत्या भांड्याजवळ नेऊ नका, भाजल्याच्या घटना होतात.

'झोपायचं' असं मी एका शब्दात लिहून टाकलं, पण मला माहीत आहे की सगळ्यात महाग औषध तेच आहे. वेचणीचा हिशोब किलोवर होतो. ज्या दिवशी निजली, त्या दिवशीचे पैसे शून्य. वरून चूल कोण पेटवणार, बकऱ्या कोण सोडणार, सासूचं कोण करणार? घरातल्या पुरुषाला ताप आला तर त्याला खाट मिळते, बाईला ताप आला तर तिला गोळी मिळते आणि ती कामाला लागते. यावर माझ्याकडे जादू नाही. पण तापात तीन दिवस वेचणी करून नंतर आठ दिवस दवाखान्यात काढलेल्या ताईचा हिशोब आम्ही दोघींनी बसून मांडला, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "तीन दिवस निजली असती तं सस्त्यात पडलं असतं." नवऱ्याला हेच गणित सांगा, त्याला गणित लवकर समजते.

दवाखान्यात कधी जायचं

मोठ्या माणसाला धाप लागली, छातीत दुखायला लागलं, ओठ-नखं निळसर दिसली, खोकल्यातून रक्त आलं, माणूस बरळायला लागला, किंवा ताप तीन-चार दिवसांनंतरही हटला नाही, तर वाट पाहू नये. आणखी एक फसवी खूण आहे. ताप उतरतो, बरं वाटतं, आणि दोन दिवसांनी पुन्हा जोरात ताप आणि खोकला येतो. ही न्यूमोनियाची चाहूल असू शकते. त्या ताईचं असंच झालं होतं.

काही जणांनी तर पहिल्याच दिवशी दाखवायला हवं. गरोदर बाया, साठी-पासष्टीच्या पुढची माणसं, शुगर, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले. फ्लूवर ऑसेल्टामिविर नावाचं औषध आहे, ते डॉक्टर गरज पाहून देतात आणि आजार सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत दिलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून उशीर नको. आपल्या राज्यात गरोदर मातांना आणि शुगर-बीपी असलेल्यांना सरकारी दवाखान्यातून फ्लूची लस मोफत देण्याची सोय आहे. साठा असतो तेव्हा मिळते, म्हणून तपासणीला जाल तेव्हा स्वतः विचारा.

विदर्भात आपल्याला सिकलसेलचंही लक्षात ठेवावं लागतं. गारठा आणि ताप या दोन्हींनी सिकलसेलच्या रुग्णाचं दुखणं उसळतं, आणि त्याच्या छातीतला संसर्ग फार वेगाने वाढतो. अशा लेकराला ताप किंवा छातीत दुखणं आलं तर त्याच दिवशी दवाखाना, कार्ड सोबत घेऊन. आणि ज्याचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालला आहे, त्याची थुंकी टीबीसाठी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं फुकट आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात.

सरकारी दवाखान्यात जायला बाया कचरतात, हे मला माहीत आहे. रांग असते, कधी डॉक्टर नसतात, कधी बोलणं नीट नसतं. तरीही 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुलगावचं ग्रामीण रुग्णालय त्यातच येतं. धाप लागलेल्या माणसाला मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका, 108 ला फोन करा, ती गाडीही मोफत आहे.

दाण्यांनी श्वास मोजायचा

आता सात महिन्यांच्या नातीकडे वळू, कारण तिच्यामुळेच मला हा लेख लिहावासा वाटला.

तिला दोन दिवस सर्दी होती. तिसऱ्या दिवशी आजीच्या लक्षात आलं की पोरीचं 'पोट उडते'. सून म्हणाली, रडून दमली असेल. आजीने आशाताईला बोलावलं. आशाताईने पोरीचा अंगरखा वर केला, पोटाकडे पाहत एक मिनिट श्वास मोजले. 62 भरले. त्यांनी लगेच दवाखान्यात पाठवलं. लवकर गेल्यामुळे पोरगी चार दिवसांत घरी आली.

न्यूमोनिया ओळखायला एक्स-रेच लागतो असं आपल्याला वाटतं. पण गडचिरोलीच्या बायांनी ते फार पूर्वी खोटं ठरवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1988 च्या सुमारास तिथल्या शंभरावर गावांत लेकरांच्या न्यूमोनियावर काम केलं. गावातले आरोग्यसेवक आणि बाळंतपण करणाऱ्या दाया यांना श्वास मोजायला आणि तोंडाने द्यायचं साधं औषध द्यायला शिकवलं. दाया बहुतेक निरक्षर, दहाच्या पुढे आकडे मोजायची सवय नाही. मग त्यांच्यासाठी एक मण्यांचं साधन तयार झालं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की लेकराला न्यूमोनिया समजायचा. ज्या लेकरांना असे उपचार मिळाले त्यांच्यात शंभरातलं एकही दगावलं नाही म्हणा, इतकं मरण कमी झालं. जिथे हे काम नव्हतं त्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभरातली तेरा-चौदा लेकरं जात होती. 1990 साली हे काम 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. आज देशभरातल्या आशाताई श्वास मोजून धोका ओळखतात, त्यामागे अशा कामांचा मोठा वाटा आहे.

आपल्याला ते साधन नको, हरभऱ्याचे दाणे पुरे. लेकरू शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजा, रडताना किंवा दूध पिताना नाही. अंगावरचे कपडे पोटापर्यंत वर करा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावा आणि दर दहा श्वासांना एक दाणा बाजूला करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे सहा दाणे, म्हणजे 60 किंवा जास्त श्वास झाले तर धोका. दोन महिने ते एक वर्ष असेल तर पाच दाणे, म्हणजे 50. एक ते पाच वर्षांच्या लेकराचे चार दाणे, म्हणजे 40. मिनिट पूर्ण मोजा, अर्धं मोजून दुप्पट करू नका, कारण लहान बाळ एकसारखा श्वास घेत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला तर थांबून पुन्हा एकदा मोजा.

आकडा कमी असला तरी काही खुणा दिसल्या तर मोजत बसू नका, सरळ निघा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, लेकरू अंगावर पीत नाही, जे दिलं ते सगळं ओकतं, झटके येतात, मलूल पडून उठवल्याने उठत नाही, ओठ निळे दिसतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला किंवा अंग थंडगार पडलं तरी तोच नियम. जाताना वाटेत अंगावर पाजत राहा, बाळ गुंडाळून छातीशी धरा. पोटावर चटके देणं, अंगारा लावून रात्र काढणं हे अजून कुठे-कुठे चालतं, त्यात गेलेली एक रात्र भरून येत नाही.

बाळाच्या लसींमध्ये न्यूमोनियाची पीसीव्ही लसही असते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तिचे तीन डोस आहेत. लसीकरणाचं कार्ड काढून पाहा, मधला डोस वेचणीच्या धांदलीत राहिलेला मला बऱ्याच घरी दिसला आहे.

धुराचंही सांगायचं आहे. हिवाळ्यात बाळाला ऊब मिळावी म्हणून आपण त्याला चुलीजवळ निजवतो आणि पऱ्हाटीच्या काड्या पेटवून भाकरी टाकतो. घरातल्या धुराने लेकरांना न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो, हे जगभर दिसलेलं आहे. सिलिंडर महाग पडतो म्हणून चूल सुटत नाही, मान्य. पण स्वयंपाक होईपर्यंत बाळ दुसऱ्या खोलीत, आजीजवळ, गोधडीत ठेवता येतं. खिडकी थोडी उघडी राहू द्या. घरात विडी ओढणाऱ्याला अंगणात पाठवा, मग तो कितीही मोठा असो.

रजिस्टरमध्ये काय लिहायचं

त्या गटाच्या जानेवारीच्या बैठकीत आम्ही अंगणात सतरंजी टाकून बसलो. उन्हात बरं वाटत होतं. मी दंडाचा विषय काढला तर आधी कुरबूर झाली. एक ताई म्हणाली, "मॅडम, असं केलं तं सगळ्याच तापाचं नाव सांगतीन." बरोबर आहे तिचं. गट शिस्तीवर चालतो, दंड उगाच ठेवलेला नाही. शेवटी असं ठरलं की ताप-खोकला असेल तर सकाळीच अध्यक्षाला निरोप द्यायचा, बचत कुणाच्या हाती पाठवायची, आणि त्या दिवशीचा दंड माफ. लागोपाठ दोन बैठका चुकल्या तर सचिवाने घरी जाऊन बघायचं. हे बघणं मला दंडमाफीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. ती ताई चार दिवस घरात धापा टाकत होती आणि आपल्या गटातल्या कुणालाच पत्ता नव्हता.

दुसरा ठराव पैशाचा. गटातून दवाखान्यासाठी घेतलेल्या कर्जावर व्याज लावायचं की नाही, यावर खूप बोलणं झालं, एकमत झालं नाही. पण दर बैठकीला दहा रुपये वेगळे काढून आजारपणाची पेटी करायला सगळ्या तयार झाल्या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आपल्याच जिल्ह्यातल्या गावांसाठी ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना चालवली होती. सुगीच्या वेळी घरोघरची माणसं ज्वारी द्यायची आणि वर्षभर त्यांना दवाखान्यात सवलत मिळायची. हे मी सांगितलं तेव्हा बसलेल्यांपैकी एका आजीने मान डोलावली. म्हणाल्या, "माह्या माहेरी देत होते ज्वारी. मी लहान पोरांले घेऊन जाओ." मला हे पुस्तकातून माहीत होतं, त्यांनी ते पाहिलेलं होतं.

ती ताई त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडली होती, शाल गुंडाळून, थोडी दूर बसलेली. सचिवाने डिसेंबरचं पान उघडलं. तिच्या नावापुढे 'हजर' लिहिलेलं होतं, दंड शून्य.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने सहा हरभऱ्याचे दाणे आणि एक चालू मोबाइल आणावा. ज्यांच्या घरी पाच वर्षांखालचं लेकरू आहे त्यांनी ते झोपलेलं असताना घरीच श्वास मोजून आकडा लिहून आणायचा आहे, म्हणजे आपल्या लेकराचा रोजचा श्वास किती असतो ते तुम्हाला कळेल. बैठक अंगणात होईल.